टिपुला नाही म्हणजे नाही

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजातली नवी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, प्रणाली, माझ्या घरी आली. हुशार आणि कामसू पोरगी. चहा होईपर्यंत तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "सर, गजभिये मॅडमच्या माश्यांच्या पेट्यांची नोंद कॉम्प्युटरवर चढवून राहिली मी. सगळ्या झाल्या. एकच माशी अडली. तिच्या चिठ्ठीवर जीनसची जागा रिकामी आहे अन् कॉम्प्युटर रिकामी जागा घेत नाही. टिपुला लिहून देऊ काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काय लिहू?"

"काहीच लिहू नका."

"सर, तो पुढेच जात नाही न."

"मग राहू दे त्याला अडून. मॅडम त्या जागेपाशी वर्षानुवर्षं थांबल्या, कॉम्प्युटरला कसली घाई आहे?"

पोरगी गोंधळली. मी निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. माशीच्या अंगावरचं मला ओ की ठो कळत नाही. पण ती जागा रिकामी का आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मुळापासून ठाऊक असणारी आता दोनच माणसं उरली आहेत. एक मी, दुसरा लॅबमधला देवचंद. देवचंद काही लिहायचा नाही. तेव्हा मलाच लिहिलं पाहिजे.

शकुन गजभिये आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मूळच्या मोहाडीच्या. बांधा ठेंगणा, अंगानं काटक, केस आखूड कापलेले. सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. कॉलेजात साडीवर बूट घालणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्यावर कुणी हसलं की त्या पाय पुढे करून म्हणायच्या, "नीट पाहून घ्या, लेसही बांधते मी." खांद्यावर झोळी, झोळीत भिंग, डब्या आणि दांड्यापासून सुटी केलेली जाळी. जाळी घरीच शिवलेली, जुन्या मच्छरदाणीची.

त्यांचा विषय होता लांबटांगी माशी. तुम्ही ती पाहिली आहे. न्हाणीच्या खिडकीत नाहीतर भिंतीवर, लांबच लांब पाय पसरून बसलेली असते. लोक तिला मोठा मच्छर समजतात आणि चप्पल उचलतात. ती चावत नाही, रक्त पीत नाही, बिचारी स्वतःचे पायसुद्धा धड सांभाळत नाही. जरा धरलं की पाय हातात येतो आणि माशी उडून जाते. इंग्रजीत क्रेन फ्लाय म्हणतात, आमच्या भागात तिला वेगळं नावच नव्हतं. लांबटांगी हे नाव मॅडमनी पाडलं आणि तुमसर ते सिहोरा जिथं जिथं त्या फिरल्या तिथं ते रुजलं.

या माश्यांचे जीनस लावणं हे त्यांचं काम. जीनस म्हणजे एका कुळातली घराणी, असं त्यांनी मला एकदा समजावलं. पंखावरच्या शिरा कुठं फुटतात, कुठं मिळतात, नडगीच्या टोकाला काटा आहे की नाही, पोटाचं टोक कसं आहे, हे पाहायचं आणि माशी कोणत्या घराण्याची ते ठरवायचं. त्यातलं टिपुला हे सगळ्यात मोठं घराणं. "अन् सगळ्यात मोठं अडगळीचं कोठार," त्या म्हणायच्या. "ज्याले जागा सापडत नाही त्याले लोक टिपुलात टाकतात अन् हात झटकतात."

मी भाषेचा माणूस, म्हणून मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, मॅडम, मराठी पारिभाषिक शब्द वापरा ना. जीनसला प्रजाती म्हणतात आणि स्पीशीजला जाती. त्यांनी डोळ्यावरचं भिंग बाजूला केलं. "बोरकर सर, तो दुसरा शब्द मी अंगणातून आत नाही घेतला, घरातून आत नाही घेतला. आता लॅबमध्ये घेऊ काय?" त्या पुन्हा भिंगाला डोळा लावून म्हणाल्या, "लोकांचे खाने न पाहताच पाडलेले आहेत. माझे मी पाहून पाडते. फरक आहे."

"पाहून सांगा" हे त्यांचं पालुपद होतं. वर्गात, स्टाफरूममध्ये, भाजीवाल्याशीसुद्धा. कुणी म्हणालं की यंदा थंडी जास्त आहे, की त्या विचारायच्या, "पाहून सांगून राहिले की ऐकून?" माणूस चिडायचा. मीही चिडायचो. पण त्यांच्यासमोर बोलताना माणूस आपोआप दोन शब्द कमी बोलायला लागायचा, हेही खरं.

आमच्या संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष एकदा लॅब बघायला आले. पांढरे कपडे, मागे चार माणसं. पेट्या पाहून त्यांनी विचारलं, "बाई, ही माशी चावते काय?"

"नाही."

"रोगराई?"

"नाही."

"धानाले काही करते?"

"बांधीतल्या ओल्या मातीत हिची अळी राहते. खास नुकसान नाही करत."

"मंग कायले एवढ्या जमवल्या जी?"

मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्हीही चावत नाही, रोग आणत नाही, धान खराब करत नाही. तरी तुमचा फोटो हॉलमध्ये लावलाच ना आम्ही?"

मागच्या चार माणसांना खोकला आला. अध्यक्ष स्वतःच खो खो हसले. पण प्राचार्य हसले नाहीत, आणि त्या वर्षी लॅबला नवा सूक्ष्मदर्शक मिळायचा होता तो मिळाला नाही. मॅडमनी जुन्याचीच काच पुसली. त्यांना तो विनोद परत घेता आला असता तरी त्यांनी घेतला नसता, हे मी लिहून देतो.

सिहोऱ्याला आमची शेती आहे. धानाची रोवणी आटोपली की मॅडम सकाळी सकाळी आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, यायच्या. छत्री उलटी धरायची, झुडपावर काठीनं हलकेच मारायचं, छत्रीत काय पडतं ते पाहायचं. पहिल्या वर्षी माझे थोरले काका तिथं होते. उन्हातान्हात फिरणारी बाई पाहून त्यांनी पाण्याचा गडवा पुढे केला आणि सवयीनं विचारलं, "कोनाच्या तुमी, बाई?"

"मोहाडीच्या गजभियेच्या."

"अस्सं, अस्सं," काका म्हणाले, आणि त्यांचा हात वीतभर मागे आला. अगदी वीतभर. मॅडम बोलल्या नसत्या तर माझ्याही ते ध्यानात आलं नसतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हात मागे गेला तो दिसला मले. माशीच्या पायाचा काटा दिसते, तर माणसाचा हात नाही दिसन काय?" आणि ओंजळ न करता सरळ हात पुढे केला. "द्या गडवा. तहान लागली."

काकांनी गडवा दिला. मॅडम वरून न पिता तोंड लावून घटाघटा प्यायल्या, उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि गडवा परत काकांच्या हातात ठेवला. काका त्या गडव्याकडे पाहत उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी पाहिलं नाही. पाहिलं एवढंच की पुढच्या वर्षी रोवणी झाल्यावर त्यांनीच मला विचारलं, "काहून गा, थे माशीवाली बाई नाही आली अजून?" आणि ती आली तेव्हा तोच गडवा होता.

माश्या ठेवायला त्या वर्तमानपत्राची तिकोनी पाकिटं करायच्या. त्यासाठी खास वाढदिवसाच्या जाहिरातींची पानं, कारण तो कागद जरा जाड असतो. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक पुढाऱ्यांच्या हसऱ्या तोंडावर कधी ना कधी एखादी लांबटांगी निजलेली आहे. पाय गळाला तर तो त्याच पाकिटात राहिला पाहिजे, हा नियम. "पाय सुटला तरी चालते, पण दुसऱ्याच्या पाकिटात नाही गेला पाहिजे." वाळली की माशी कागदाच्या बारीक टोकावर चिकटवायची, टोक टाचणीला. चिकटवायला बिनरंगाची नेलपॉलिश. ती मोहाडीच्या आठवडी बाजारातून आणायच्या. दुकानदारीण त्यांच्या नखांकडे पाहायची आणि दर खेपेला म्हणायची, "मॅडम, लावत तं दिसत नाही." मॅडम म्हणायच्या, "मी नाही, माझ्या पोरी लावतात."

लॅब अटेंडंट देवचंद हा त्यांचा उजवा हात. त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. गरीब स्वभावाचा, नीटनेटका, घासलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ओळीनं मांडणारा. पेट्यांत डांबराच्या गोळ्या टाकणं, धूळ झटकणं हे त्याचं. माशीला हात लावायचा नाही, हे मॅडमनी सांगितलेलं. आणि ते त्यानं एकदाच मोडलं.

त्याच्याआधी नाकाडोंगरीची माशी आली. दिवाळीच्या आसपास मॅडम तिकडच्या जंगलातल्या एका नाल्यावर गेल्या होत्या. शेवाळलेल्या दगडाखाली ही माशी लोंबकळत होती, काळसर अंगाची, पंखावर धुरकट पट्टा. एकच मिळाली. पंखाच्या शिरा त्यांनी भिंगाखाली पाहिल्या आणि मला वर्गातून बोलावून आणलं. मला काय दिसणार? रेघा दिसल्या. पण मॅडमचा चेहरा दिसला. जत्रेत नेलेल्या लहान पोरीसारखा.

"कुठंच बसत नाही, सर," त्या म्हणाल्या. "टिपुलासारखी दिसते, पण शिरा टिपुलाच्या नाही. अन् नाल्यावर जित्ती असताना पाहिली तेव्हा नडगीला काटा नव्हता. टिपुलाले असते."

"म्हणजे नवी?"

"म्हणजे पाहावं लागेल. एकीवरून नाही सांगता येत."

दुर्दैव असं की वाळायला ठेवलेल्या रात्री मुंग्यांनी तिच्या पोटाचं टोक खाल्लं. ओळख पटवायची मोठी खूण गेली. पायही गळून पाकिटात पडलेले. उरले पंख, आणि ते सुटे पाय. तेव्हा त्या पायांवर सगळं होतं.

त्याच सुमारास कॉलेजच्या तपासणीसाठी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू. मॅडम परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर बाहेर होत्या. समिती येऊन गेली. त्या समितीत मोठ्या शहरातले एक नामांकित कीटकतज्ज्ञ होते. त्यांनी पेट्या पाहिल्या, खूश झाले, आणि नाकाडोंगरीच्या माशीची पेटी प्राचार्यांकडून रीतसर मागून अभ्यासाला घेऊन गेले. पुढे त्यांचं उत्तर आलं. माशी दुर्मीळ, जागा महत्त्वाची, जीनस टिपुला. मागच्या पायाला काटा स्पष्ट आहे.

"काटा?" मॅडम म्हणाल्या. "असूच शकत नाही."

परीक्षेच्या गडबडीत मॅडमनी तोवर बाकीच्या पेट्या उघडल्याच नव्हत्या. ती पेटी परत आली तेव्हा मी तिथंच होतो. मॅडमनी झाकण उघडलं आणि भिंग लावलं. मग दुसरी पेटी उघडली. मग तिसरी. सगळ्या लांबटांग्या सहा सहा पायांवर ऐटीत उभ्या. आयुष्यात कधी एवढ्या अखंड माश्या त्या लॅबमध्ये नव्हत्या. कोपऱ्यातली नेलपॉलिशची बाटली रिकामी होती.

"देवचंद," त्यांनी हाक मारली.

देवचंद हसतच आला. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "कमिटीवाले येनार होते न मॅडम. म्या म्हनलं, ते म्हनतीन या कॉलेजात माश्यायले पाय बी नाहीत. सगळ्यायले सहा-सहा पुरे करून देल्ले."

"कोणता पाय कुठून उचलला?"

"पाकिटातून, बशीतून. जो बरोबर बसला थो लावला जी."

"जो बरोबर बसला तो," मॅडम पुन्हा म्हणाल्या. आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आल्या. मी वाट पाहत होतो की आता भडका उडेल. परत आल्यावर त्या देवचंदजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "देवचंद, तुले वाईट वाटलं की माझ्या माश्या लंगड्या दिसतात. हो ना?"

"हो जी."

"लंगडी खरी असते रे. ही पुरी झालेली खोटी झाली." तेव्हा कुठं त्याला कळलं, आणि एवढा मोठा बाप्या माणूस टेबलाला धरून रडला. मॅडमनी त्याला रडू दिलं. समजूत काढायला त्या गेल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

पुढे महिनोन्‌महिने दोघांनी बसून ते चिकटवलेले पाय सोडवले. जो पाय कुणाचा ते कळलं नाही, तो वेगळ्या डबीत गेला. त्या डबीवर मॅडमनी लिहिलं, "कोणाचे ते माहीत नाही."

खरी लढाई त्यानंतरची. मॅडमनी तज्ज्ञांना सगळं जसंच्या तसं कळवलं: ज्या पायावरून तुम्ही नाव दिलं तो पाय तिचा असेलच असं नाही. देवचंदचं नाव त्यात नव्हतं. प्राचार्यांनी विचारलं, हे कुणी केलं, चौकशी लावू. मॅडम म्हणाल्या, "पेटी माझ्या ताब्यात होती. लावा माझी चौकशी." प्राचार्यांनी हात जोडले.

तज्ज्ञ भला माणूस होता. त्यांनी फोन केला. स्टाफरूममध्ये मोबाईलची रेंज नीट नसायची म्हणून मॅडमनी स्पीकर लावला, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा मान्य. पण नमुना एकच, पोटाचं टोक नाही, पायाचा भरवसा नाही. अशा वेळी सगळ्यात जवळच्या जीनसमध्ये टाकायची पद्धत आहे. टिपुला म्हणू या. लेख आपण दोघं मिळून लिहू, पहिलं नाव तुमचं."

पहिलं नाव! आमच्या कॉलेजातून असा लेख कधी बाहेर पडला नव्हता. प्राचार्य दाराशी येऊन उभे होते आणि मान हलवून हो म्हणा, हो म्हणा, अशी खूण करत होते.

"पंखाच्या शिरा टिपुलाच्या नाहीत, साहेब," मॅडम म्हणाल्या.

"शिरा थोड्याफार बदलतात."

"अशा नाही बदलत."

"पण काहीतरी नाव तर द्यावं लागेल ना?"

"काहून द्यावं लागेल? माशीची काही तक्रार नाही. नाव पाहिजे ते तुम्हाला अन् मला. ज्या पायावर ते नाव उभं आहे, तो पाय तिचा नाही. मी सही करत नाही."

फोन ठेवल्यावर प्राचार्य बोललेच. कॉलेजचं नाव झालं असतं, तुमचा फायदा झाला असता, एका माशीसाठी एवढा ताठा कशाला. मॅडम वही-पेन झोळीत भरत म्हणाल्या, "सर, जवळचं दिसलं म्हणून कोणालाही कोणत्याही खान्यात टाकायचं, अन् मग जन्मभर तिथंच ठेवायचं, हे माझ्या लोकांनी पुष्कळ भोगलं. मी दुसऱ्यावर करणार नाही. माशीवरही नाही." आणि तासाला निघून गेल्या. मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. आज लिहिताना वाजवतो.

चिठ्ठीवर त्यांनी जागा, नाला, माशी पकडणाऱ्याचं नाव सगळं लिहिलं. जीनसपुढे कोरं सोडलं. दुसरी माशी सापडेपर्यंत कोरंच राहील, असं जाहीर केलं.

मग दर वर्षी दिवाळी झाली की नाकाडोंगरी. निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतरही. कधी एसटीनं, कधी माझ्या गाडीत. बरोबर देवचंद असायचाच, त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं. दुसऱ्या लांबटांग्या मिळत, ती मिळत नसे. गुडघे गेले, एका डोळ्याला मोतीबिंदू आला. घरचे म्हणाले, पुरे. त्या म्हणाल्या, "पाहून सांगा, पुरे झालं काय? नाही झालं."

शेवटच्या खेपेला आम्ही तिघं गेलो. नाल्याला घोट्याएवढं पाणी, उन्हाचे तुकडे पाण्यावर. मॅडमनी साडी खोचली, बूट काढून देवचंदच्या हातात दिले आणि दगड धरत धरत पाण्यात उतरल्या. मी काठावर बसलो. दुपार कलली, भूक लागली, आणि मी गाडीकडे जावं म्हणून उठलो, तेवढ्यात देवचंद कुजबुजला, "मॅडम, तठी. दगडाखाली."

ती होती. धुरकट पट्ट्याचा पंख, काळसर अंग. वाकून, श्वास धरून मॅडमनी हात पुढे नेला. जाळी फिरवायला जागाच नव्हती, दोन बोटांनीच धरावी लागली. धरली. आणि माशी फडफडली, सुटली, नाल्यावरून झाडोऱ्यात गेली. मॅडमच्या चिमटीत मागचा एक लांब पाय राहिला होता.

मॅडमनी भिंग काढलं, चांगल्या डोळ्याला लावलं. मग ते भिंग देवचंदला दिलं. "तू पाह्य. पाहून सांग."

देवचंदनं भिंग सदऱ्याला पुसलं. त्यानं बराच वेळ पाहिलं. "काटा नाही जी, मॅडम," तो म्हणाला. "काटा नाही." आणि पुन्हा त्याचे डोळे भरले.

मी तर उडीच मारली. "झालं मॅडम! लिहा आता त्यांना. फोटो पाठवा. तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं."

मॅडमनी वाढदिवसाच्या जाहिरातीचं पाकीट काढलं, पाय आत ठेवला, पाकीट दुमडलं. त्या हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

"सर, एकदा माशीले पाय चिकटवून पाहिला आपण. आता पायाले माशी चिकटवू नका."

"पण आपण तिघांनी डोळ्यांनी पाहिली!"

"आपण पाहिली, म्हणून आपल्याले माहीत आहे. त्यायले दाखवायला पुरी माशी लागते." त्यांनी पाकीट देवचंदच्या खिशात घातलं आणि जाळी उचलली.

मी गाडीपाशी जाऊन हॉर्न वाजवला. जंगलात लवकर अंधारतं, रस्ता खराब, त्यांचे गुडघे तसे. दोनदा वाजवला. वळणावरून मला त्या दिसत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाण्यात पाय रोवून, जाळी खांद्याला टेकवून झाडोऱ्याकडे पाहत उभ्या. मागे दोन्ही हातांत त्यांचे बूट धरून देवचंद. तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी मागे न वळता नुसता हात वर केला आणि आडवा हलवला. नाही.

पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. पण मी त्यांचं नाव काढलं की मला तोच हात दिसतो. प्रणालीला मी एवढंच सांगितलं आहे, की दिवाळीनंतर देवचंद आणि मी नाकाडोंगरीला जाणार आहोत, यायचं असेल तर बूट काढायची तयारी ठेवा. आणि तोवर त्या जागेवर कुणी काही लिहायचं नाही.